एकच आफ्रिकन लव्हबर्ड पाळला तर तो झुरून मरतो का? जोडीच घ्यावी का?

नाही मरत. हे वाक्य मी आमच्या भावोजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलंच नाही.

आमची लव्हबर्ड केशर, पीचफेस जातीची. नामिबिया-अंगोलाकडच्या कोरड्या मुलखातली ही जात, वजन साधारण ५० ग्रॅम. एकटीच वाढली, माझ्या खांद्यावर. वयात आल्यावर वर्तमानपत्राच्या लांब, एकसारख्या पट्ट्या कातरायची आणि शेपटीवरच्या पिसांत खोचून पिंजऱ्यात न्यायची. या जातीच्या माद्या घरट्याचं सामान असंच वाहतात. भावोजींनी ते पाहिलं आणि "तिला जोडीदार हवाय, पाप लागेल तुम्हाला" म्हणत, मी कामावर असताना एक पक्षी आणून थेट तिच्याच पिंजऱ्यात सोडला. म्हणे नर आहे. पीचफेसमधला नर-मादी नुसतं बघून कळत नाही, डीएनए चाचणी लागते. मी घरी आले तोवर केशरने त्या बिचाऱ्याच्या पायाचं बोट तोडलं होतं. आपल्या जागेत उपरा पक्षी आला की लव्हबर्डची मादी जिवावर उठते. त्याला बरं करून ओळखीच्यांकडे दिला.

पुढे तिने अंडी घातली. नर नसतानाही घालतात. त्यातलं एक पोटातच अडकलं. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, दर श्वासाला शेपूट हलत होती. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी ऊब दिली, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, तेव्हा सुटली. तरी भावोजींचं तेच, "जोडी असती तर ही वेळ आली नसती." साफ खोटं. नर असता तर तिने अजून अंडी घातली असती! आम्ही आत टांगलेलं घरट्याचं मडकं काढलं, अंधार पडला की पिंजऱ्यावर कापड टाकू लागलो, कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम ठेवला, शेवग्याचा पाला रोज. अंडी थांबली. केशर अजून आहे, ठणठणीत. नीट सांभाळला तर हा पक्षी दहा-पंधरा वर्षं जगतो.

मात्र घरातले सगळेच दिवसभर बाहेर असतील तर एकटा ठेवू नका, कंटाळून स्वतःचीच पिसं उपटतो. मग दोन घ्या, पण लहानपणापासून एकत्र वाढलेले. मोठा पक्षी नंतर आणलात तर आधी काही आठवडे शेजारी वेगळा पिंजरा. पक्षी खोलीत मोकळा सोडताना छताचा पंखा बंद हवाच. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने शेजारच्या खोलीतला पक्षीसुद्धा मरतो. आणि फिशर जातीचा लव्हबर्ड घेणार असाल तर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पीचफेसला ती भानगड नाही. विकणारा हे सांगेलच असं नाही, तेव्हा जात कोणती ते आधी विचारून घ्या.