कवितेच्या तासावर घर चालेल का?

प्रश्न : माझी मुलगी मराठी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कविता करते, दोन दिवाळी अंकांत छापूनही आल्या. आता म्हणते, शाळाशाळांत जाऊन मुलांना कविता लिहायला शिकवणार, नोकरी नको. मी एसटीत कंडक्टर, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. याला करिअर म्हणायचं का? की बी.एड.ला घालू? – एक पालक, चाळीसगाव

नमस्कार. आधी कडू तेवढं सांगून टाकतो. ‘शाळेतला कवी’ असं पगारी पद आपल्याकडे नाही. कवीची आठवण शाळेला होते ती 27 फेब्रुवारीच्या आसपास, मराठी भाषा गौरव दिनाला. शाल, श्रीफळ, चहा-बिस्किटं, तासभर काव्यवाचन, आणि येण्याजाण्याचं भाडं बऱ्याचदा कवीच्याच खिशातून. हा पाहुणचार झाला. त्यावर घर चालत नाही.

तरी लेकीचं म्हणणं खुळचट नाही. न्यूयॉर्कमध्ये 1967 साली टीचर्स अँड रायटर्स कोलॅबोरेटिव्ह नावाची संस्था उभी राहिली, ती कवी-लेखकांना मानधन देऊन शाळांत पाठवते. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे कवी केनेथ कोक त्याच सुमारास मॅनहॅटनच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत जाऊ लागले. त्यांची एक युक्ती अगदी साधी होती : प्रत्येक ओळ ‘मला वाटतं, असं व्हावं’ अशी सुरू करा, यमकाचं बघू नका. अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरात 1983पासून असंच काम चालू आहे. आपल्या 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही स्थानिक कलाकार, लेखक, कारागीर यांना शाळेत शिकवायला घ्यावं, असं म्हटलंय. धोरणात ओळ आहे; शाळेच्या खर्चाच्या वहीत तिच्यासाठी रकाना मी अजून पाहिलेला नाही.

हे काम नेमकं कसलं, ते मी एकदा मागच्या बाकावर बसून पाहिलंय. माझा एक कवी मित्र सातवीच्या वर्गावर गेला होता. बावन्न मुलं. पहिल्या तासाला सगळ्यांनी पाऊस, आई आणि झाड यांवर ‘धो धो, हो हो’ छापाचं लिहून दिलं. दुसऱ्या तासाला तो म्हणाला, “घरातली एक वस्तू निवडा आणि तिच्याशी बोला. यमक जुळलं तर खोडा.” एक मुलगी वहीवर हात धरून लिहीत होती. तिनं मिक्सरला लिहिलं होतं : तू ओरडतोस तेव्हा बरं वाटतं, भांडण ऐकू येत नाही.

मित्रानं वाचलं, हळूच विचारलं, “वर्गात वाचू?” तिनं मानेनंच नाही म्हटलं. त्यानं वही मिटून तिच्या हातात दिली आणि पुढच्या बाकाकडे गेला. तोवर मागे दोघांची पट्टीवरून मारामारी जुंपली होती, तीही त्यालाच सोडवावी लागली. तास संपल्यावर त्या मुलीबद्दल वर्गशिक्षिकेशी बाजूला जाऊन बोलला. हे सगळं उत्तम कविता लिहिल्यानं येत नाही. चांगले चांगले कवी मी सातवीपुढे घामाघूम झालेले पाहिलेत.

म्हणून बी.एड. करू दे, पण ‘कविता सुटेल’ या आशेनं तिला तिथं घालू नका. दोन वर्षांत सराव पाठ घेताना वर्ग सांभाळायची सवय लागेल, आणि सहावीपासून वर शिकवायची पात्रता हाती येईल. (आठवीपर्यंत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते, शिवाय भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि सरकारचं शिक्षकभरतीचं ‘पवित्र’ पोर्टल. जागा कधी निघतील याचा भरवसा धरू नका.) मास्तरकी आणि कविता यांचं आपल्याकडे वाकडं नाही. केशवसुत शाळामास्तर होते. नारायण सुर्वे शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाले.

दुसरी वाट संस्थांची. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ नावाचा उपक्रम चालवते. त्यात तरुण रंगकर्मी फेलोशिप घेऊन आदिवासी भागातल्या शाळांत गोष्टी सादर करतात. तिथं कविता शिकवत नाहीत, पण कलाकारानं शाळेत जाऊन काम करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे कसं जमतं ते तिनं तिथं जाऊन बघावं.

एम.ए.चं हे वर्ष मात्र वाया घालवू नये. गावातली एकच शाळा आणि एकच वर्ग धरावा. आठवड्याला जोड तास, असे आठ आठवडे. वर्गशिक्षक वर्गात हजर हवेतच. ते मुलांच्याही भल्याचं आणि हिच्याही. शेवटी मुलांच्या लिखाणाची झेरॉक्स पुस्तिका काढावी, ज्यांना आपलं लिखाण द्यायचं असेल त्यांचंच घ्यावं. पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे प्रमाणपत्रापेक्षा ती पुस्तिका जास्त बोलेल. दुसऱ्या शाळेपासून मानधन मागायचं, थोडं का असेना, आणि आधी कागदावर. “आवडीचं काम आहे, पैसे कशाला?” असं विचारणारे भेटतीलच.

बी.एड. संपल्यावर दोन वर्षांची मुदत तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. तेवढ्यात कवितेच्या तासांतून तिचा स्वतःचा खर्च तरी निघतोय का, ते वहीत मांडून बघा. तिकिटांचा हिशोब रोज जुळवणाऱ्या माणसाला हे मी काय शिकवणार! आणि ती मुख्याध्यापकांना पहिल्यांदा भेटायला जाईल, तेव्हा तुम्ही सोबत जाऊ नका. बाहेर टपरीवर चहा घेत थांबा.