लिहिणाऱ्यांची मान आणि मसाज

प्रश्न : मी कादंबरी लिहिते. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून मान-खांदे आखडतात. मसाजने खरंच फरक पडतो का?

उत्तर : पडतो ताई, पण थोडेच दिवस टिकतो. डोकं साधारण ४-५ किलोचं. ते पुढे झुकलं की भार मानेमागच्या स्नायूंवर येतो. मसाज घ्याल तेव्हा कोपराखालचा हातही आवर्जून चोळून घ्या. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू तिथेच असतात. लिहिणाऱ्यांचे ते दोरीसारखे ताठ झालेले माझ्या अंगठ्याला रोज लागतात. सावकाश दाब दिला की मूठ आपोआप सैल पडते. सुगंधी तेलाने मनाला बरं वाटतं, तेवढंच. मात्र अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल, तर मसाज राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठाच.