धंदा तुमचा, पण नाव कोणाच्या नावावर? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही दोघी जावा मिळून अमळनेरला काळा मसाला अन् बिबड्या करतो, पाच-सहा वर्षं होत आली. पाकिटावरचा मिरची-खलबत्त्याचा लोगो पुण्याच्या एका मुलाने करून दिला, त्याला फोनवरून पैसे पाठवले, बाकी कागद काहीच नाही. ट्रेडमार्कचा अर्ज आमच्या चुलत दिराने भरला, त्यालाच ऑनलाइनचं जमतं म्हणून, अन् तो त्याच्याच नावावर भरला. आता सुरतचा एक व्यापारी, आपल्याच खान्देशातला, म्हणतो तुमच्या ब्रँडने तिकडे माल विकू, पण त्याचा वकील विचारतोय की ब्रँडचा मालक कोण. आमच्याजवळ शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, फूड लायसन्स, जीएसटी सगळं आहे. एवढं पुरत नाही का?

उत्तर : नाही पुरत ताई. अन् त्या वकिलाने हे आत्ताच विचारलं ते बरंच झालं, माल सुरतला पोचल्यावर हा प्रश्न निघाला असता तर जास्त महागात गेलं असतं. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, जीएसटी, फूड लायसन्स हे धंदा करायचे कागद आहेत, यातल्या एकानेही पाकिटावरचं नाव तुमच्या मालकीचं होत नाही.

आधी लोगोचं. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला असं जवळजवळ सगळेच धरून चालतात, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात काढणारा तो पहिला मालक. पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून केलं तर ते मालकाचं होतं, पण तो पुण्याचा मुलगा तुमचा नोकर नव्हता, त्याने बाहेरून काम करून दिलं. फोटो पैसे देऊन काढून घेतला तर तो ऑर्डर देणाऱ्याचा धरतात, लोगोला मात्र तसं गृहीत धरू नका. त्याच्याकडून लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क तुमच्या नावे करून दिल्याचा कागद, घ्या, त्याच्या सहीची, आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या, की हक्क कायमचा दिला अन् सगळ्या देशांसाठी दिला. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या सुरतवाला माल दुबईला पाठवायला लागला तर तेवढी एक ओळ राहिली म्हणून अडकाल. जमलं तर ओरिजनल फाइलपण मागून घ्या, नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो नको.

आता दिराचं. मी असं मुळीच म्हणत नाही की त्याच्या मनात काही वाईट आहे, बहुतेक घरांत हे असंच सोयीसाठी होतं. पण ट्रेडमार्कचा अर्ज वापरणाऱ्याने, म्हणजे ज्याचा धंदा आहे त्याने करायचा असतो, अन् मसाला तर तुम्ही दोघी विकता. त्या अर्जात वापर कधीपासून आहे तो रकाना उघडून बघाच, घाईत भरणारे तिथे ‘पुढे वापरणार आहे’ एवढंच टाकून मोकळे होतात आणि तुमची पाच-सहा वर्षं कागदावरून गायब होतात. दीर तयार असेल तर त्याच्याकडून असाइनमेंट करून घ्या, स्टँप ड्युटी भरा आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रीत त्याची नोंद करा. पण वापराच्या रकान्यातच घोळ असेल तर मला विचाराल तर जुन्या अर्जाची डागडुजी करण्यापेक्षा दोघींच्या नावाने नवा अर्ज बरा, मसाला ३० नंबरच्या क्लासमध्ये, म्हणजे मालाच्या वर्गात, येतो, एका व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन फी क्लासमागे ४,५०० रुपये आहे आणि नोंद १० वर्षं चालते, मग रिन्यू करायची. दीर नाहीच म्हणाला तरी हातपाय गाळू नका, पहिल्यापासून वापरणाऱ्याला कायदा मान देतो. पाकिटं छापल्याचं पहिलं बिल, बचत गटाच्या प्रदर्शनातले फोटो, दुकानदारांच्या पावत्या सगळं एका फाइलला लावा. दिराचा अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून आला की हरकत घ्यायला ४ महिने मिळतात, ती तारीख चुकवू नका.

आणि तुम्हा दोघींमध्ये काही लेखी आहे का? नसेल तर पार्टनरशिप डीड करा, त्यात ब्रँड, लोगो, मसाल्याचं प्रमाण हे फर्मचं आहे आणि एक जण बाहेर पडली तर ते कोणाकडे राहणार ते लिहा. सख्ख्या बहिणी असत्या तरी मी हेच सांगितलं असतं, आज गोडी आहे म्हणून आजच लिहायचं, वाद झाल्यावर कोणी सही करत नाही. सुरतवाल्याला ब्रँड विकू नका, वापरायचा परवाना द्या, मुदत टाकून. मसाल्याचं प्रमाण त्याला सांगायची गरजच नाही, ‘बनवून आम्हीच देऊ’ म्हणा. आपल्याकडे धंद्याच्या गुपितासाठी वेगळा कायदा नाही, जे काही आहे ते करारावर चालतं, म्हणून गुप्ततेची सही घेतल्याशिवाय कोणालाच खलाजवळ उभं करू नका.

प्रश्न : काय भो ताई, शिरपूरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माझ्या कारागिराने केळीचं खोड चिरायचं मशीन बनवलं, मस्त चालतं, आम्ही त्याचा व्हिडिओ यूट्यूबला टाकला तर लई लोकांचे फोन आले. आता पेटंट काढायचं म्हणतो. पगार मी देतो म्हणजे पेटंट माझंच ना?

उत्तर : भाऊ, इथेच लोक फसतात. लोगोसारख्या गोष्टीत पगारी माणसाचं काम मालकाचं होतं, पेटंटमध्ये तसं आपोआप होत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात ज्याच्या डोक्यातून शोध निघाला त्याचा हक्क पहिला, त्याने लिहून दिलं तरच तो तुमचा, आणि तरीही अर्जात शोधक म्हणून नाव त्याचंच लागतं. त्याला दोन पैसे जास्त द्या, मान द्या आणि कागद करा, तो उद्या दुसऱ्या वर्कशॉपला गेला तर नोकरीनंतर ‘हाच धंदा करू नको’ असं बांधणारी अट आपल्याकडे बहुतेक टिकत नाही.

पण तुमची मोठी अडचण तो व्हिडिओ आहे. मशीन कसं चालतं ते सगळ्या जगाला दाखवून झालं, आणि पेटंटला शोध नवा असावा लागतो, जे उघड झालं ते नवं राहत नाही. त्या व्हिडिओत दिसतं त्या मशीनवर आता मी पैसे घालू नका असंच सांगेन. मात्र व्हिडिओनंतर काही नवी सुधारणा केली असेल, म्हणजे पातं आपोआप सरकतं किंवा तंतू वेगळा निघतो असं काही, आणि ती अजून कोणाला दाखवली नसेल, तर फोनमधलं शूटिंग बंद करा अन् आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. मशीनचं नाव मात्र अजूनही ट्रेडमार्क करता येतं, ते काम याच आठवड्यात करा.

प्रश्न : आमचा रावेरला वेफर्सचा कारखाना आहे. जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, तो आमच्या कंपनीच्या नावावर करता येईल का, आणि पाकिटावर जीआय लिहिलं तर चालेल का?

उत्तर : नावावर नाही होणार. जीआय हा त्या भागातल्या उत्पादकांचा सामायिक हक्क आहे, १९९९ च्या कायद्यात तो विकता किंवा एकाच्या नावावर करता येतच नाही. केळी पिकवणारा शेतकरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करू शकतो, तुमचे पुरवठादार शेतकरी असतील तर त्यांना ती जरूर करायला सांगा. पण नोंद केळीची आहे, वेफर्सची नाही, म्हणून पाकिटावर जीआयचा शिक्का मारू नका. वेफर्सचं तुमचं स्वतःचं नाव घ्या आणि ते कंपनीच्या नावावर नोंदवा, कोणा एका डायरेक्टरच्या नावावर नको.