तीन वेळा विचारले, पण विचारले कसे?

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वडिलांनी लिहिलेल्या पत्राचा सारांश असा : मुलगी तेथील विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जीपीए (चारपैकी सरासरी गुण) ३.७ आहे. आता तिला तो विषय सोडून संख्याशास्त्र आणि राज्यशास्त्र घ्यायचे आहे, कारण तिला जनमत चाचण्यांच्या क्षेत्रात काम करायचे आहे. 'हजार माणसांना फोन करून तेहतीस कोटींचा अंदाज बांधणारे हे क्षेत्र २०१६ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत चुकले, २०२० साली पुन्हा चुकले, आणि ते आपल्या लोकांचे क्षेत्रही नाही. तिला तीन वेळा समोर बसवून विचारले, की एवढा चांगला विषय सोडून आयुष्य वाया घालवायचे नाही ना तुला? तिन्ही वेळा ती तुम्ही म्हणाल तसे, असे म्हणाली, आणि तरीही विषय बदलण्याचा अर्ज भरून बसली आहे. तुम्ही तिला समजावावे. मी लिहिल्याचे मात्र तिला कळू देऊ नये.'

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याच वाक्याची वाटली. तुमच्या मुलीच्या नकळत तिचे मन वळवण्याचे काम मी करणार नाही. ती वीस वर्षांची आहे, आणि तिच्या शिक्षणाविषयी तिच्या पाठीमागे झालेला पत्रव्यवहार उद्या तिच्या हाती लागला, तर विषय कोणता घ्यावा हा प्रश्न बाजूला राहून तुमच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहील. माझे हे उत्तर तुम्ही तिला स्वतः वाचायला द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आता तुम्ही तिला विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो. 'आयुष्य वाया घालवायचे नाही ना तुला?' या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले आहे. समोर वडील बसले आहेत, त्यांना कोणते उत्तर हवे आहे हे स्पष्ट दिसते आहे, आणि फीसुद्धा तेच भरत आहेत; अशा वेळी 'तुम्ही म्हणाल तसे' याखेरीज दुसरे काही बोलणे किती कठीण असते, हे मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नेहमी पाहतो. पालकांना दहा मिनिटे बाहेर बसायला सांगितले, की पुष्कळदा तोच मुलगा किंवा तीच मुलगी अगदी वेगळे बोलू लागते. ती मुले खोटारडी नसतात. प्रश्न कोण विचारते आणि कोणत्या शब्दांत विचारते, यावर उत्तर अवलंबून असते.

तुमची मुलगी ज्या क्षेत्राकडे ओढली गेली आहे, त्या क्षेत्राने हीच गोष्ट गेली ऐंशीहून अधिक वर्षे तपासून पाहिली आहे. १९४२ साली टेनेसीतील मेम्फिस शहरात कृष्णवर्णीय नागरिकांना तेच प्रश्न काही ठिकाणी गोऱ्या मुलाखतकारांनी आणि काही ठिकाणी कृष्णवर्णीय मुलाखतकारांनी विचारले, तेव्हा उत्तरांत मोठी तफावत आढळली, कारण वर्णभेदाच्या त्या काळात गोऱ्या माणसासमोर मनातले बोलणे धोक्याचे होते. २००३ च्या जानेवारीत जनमत पाहण्या करणाऱ्या अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने इराकच्या सद्दाम हुसेन यांची सत्ता संपवण्यासाठी लष्करी कारवाई करावी का, असे विचारले, तेव्हा ६८ टक्के लोकांनी पाठिंबा दिला; हजारो अमेरिकी सैनिक मृत वा जखमी झाले तरीही करावी का, एवढी भर त्याच प्रश्नात घातली, तेव्हा पाठिंबा ४३ टक्क्यांवर आला. या दोनपैकी कोणता आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्यात जातो, यावर एखाद्या युद्धाला 'जनतेचा पाठिंबा' आहे की नाही हे ठरू शकते, म्हणून प्रश्नाची शब्दरचना हे या क्षेत्रातील सर्वांत जबाबदारीचे काम आहे. तुमच्या तीन वेळच्या विचारण्यातून तिचे मत कळलेले नाही. ते तिने भरलेल्या अर्जात आहे.

हजार माणसांवरून तेहतीस कोटींचा अंदाज कसा बांधता येईल, ही तुमची शंका इतकी सर्वत्र आढळते, की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घराघरांत होते, आणि पातेले पाच माणसांचे आहे की पंगतीचे, यावर किती शिते दाबून पाहायची हे ठरत नाही. मात्र भात तळाला लागला असेल आणि आपण फक्त वरचीच शिते उचलली, तर परीक्षा चुकते. देशातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला निवडले जाण्याची ठाऊक असलेली संधी मिळेल अशा रीतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी, हजार माणसे निवडली, तर केवळ योगायोगाने होणारी चूक बहुतेक वेळा सुमारे तीन टक्क्यांच्या आत राहते, मग लोकसंख्या तीन कोटी असो वा तेहतीस कोटी. उलट, संख्या मोठी असूनही अंदाज कसा कोसळतो, याचे उदाहरण १९३६ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचे आहे. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या, आणि त्यांच्या आधारे रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी आल्फ लँडन जिंकणार असे जाहीर केले; प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदी यांतून घेतले होते, आणि महामंदीच्या त्या वर्षांत टेलिफोन आणि मोटार बाळगणारी माणसे म्हणजे वरचीच शिते होती. शिवाय ज्यांनी आवर्जून उत्तर पाठवले, तेही सर्वसाधारण मतदारांसारखे नव्हते. त्याच वर्षी फार लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय बरोबर सांगणारे जॉर्ज गॅलप यांची संस्था तुमच्या घरापासून फारशी दूर नसलेल्या प्रिन्स्टनला होती.

हे 'आपल्या लोकांचे क्षेत्र नाही', हे तुमचे वाक्य वाचून मात्र मला खरोखर वाईट वाटले. नमुना पाहणीच्या सिद्धांतावरील एक महत्त्वाचा ग्रंथ सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी लिहिला, आणि १९५४ साली तो अमेरिकेतच, आयोवा स्टेट कॉलेजच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाला. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे प्रचंड काम आजही सांभाळते. दारोदार जाऊन, नेमके विचारून, आलेल्या उत्तरांचा हिशेब लावण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आणि सन्मानाची आहे.

तुमची काळजी निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. प्यूच्या टेलिफोन पाहण्यांना १९९७ साली ३६ टक्के लोक प्रतिसाद देत असत, २०१८ पर्यंत ते प्रमाण सहा टक्क्यांवर आले. २०१६ साली देशपातळीवरचा अंदाज फारसा चुकला नव्हता, कारण हिलरी क्लिंटन यांना सुमारे तीन टक्क्यांची आघाडी दिसत होती आणि प्रत्यक्षात २.१ टक्के मते जास्त मिळाली. चूक झाली ती मिशिगन, विस्कॉन्सिन अशा राज्यांत, जेथे अनेक संस्थांनी शिक्षणानुसार भारांक लावले नव्हते, म्हणजे नमुन्यातील कमी-जास्त शिकलेल्यांचे प्रमाण प्रत्यक्ष लोकसंख्येतील प्रमाणाशी जुळवून घेतले नव्हते, आणि उत्तरे देण्यास अधिक राजी असलेल्या पदवीधरांचे मत नमुन्यात प्रमाणाबाहेर शिरले. २०२० सालची चूक अधिक गंभीर होती. या व्यवसायाच्या स्वतःच्या संघटनेने चौकशी करून, देशपातळीवरील चाचण्यांतील ती चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. तुमच्याच राज्यातील मॉनमथ विद्यापीठाने आपली नावाजलेली चाचणी संस्था २०२५ साली बंद केली. तेव्हा ही वाट सोपी आणि सुरक्षित आहे, असे तुमच्या मुलीनेही समजू नये.

पण अवघड झालेल्या कामाला जाणकार माणसे जास्त लागतात, हेही तितकेच खरे आहे. इंटरनेटवर स्वतःहून नाव नोंदवणाऱ्यांच्या स्वस्त पाहण्यांत काय घडते, हे प्यूने तपासले, तेव्हा तिशीच्या आतील बारा टक्के उत्तरदात्यांनी आपल्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना असल्याचे सांगितले. २०२३ च्या अखेरीस अशाच एका पाहणीवरून, अमेरिकेतील तरुणांपैकी वीस टक्के लोक ज्यूंचा वंशसंहार ही दंतकथा मानतात, अशी बातमी सर्वत्र पसरली. प्यूने पत्त्यांवरून चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या लोकांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा हे प्रमाण तीन टक्के निघाले. एका संपूर्ण पिढीवर आलेला असा खोटा आरोप खोडून काढणे हे लहान काम नाही, आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र आणि माणसांची समज ही तिन्ही एकत्र लागतात.

म्हणून आता दोन गोष्टी तुमच्या मुलीसाठी लिहितो. बाई, तुला हे क्षेत्र निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर रंगणाऱ्या नकाशांमुळे आवडले असेल, तर तू अर्ज मागे घ्यावास असे माझे स्पष्ट मत आहे. निवडणुकीचे अंदाज हा या कामाचा लहानसा भाग आहे. खरे काम म्हणजे शिकागोची एनओआरसी ही संस्था १९७२ पासून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून समाजाचे मन नोंदवत आली आहे, तसले काम. गॅलपच्या नोंदींमुळेच आपल्याला कळते, की कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधील विवाह १९५८ साली केवळ चार टक्के अमेरिकनांना मान्य होते आणि २०२१ साली ९४ टक्क्यांना. अशा कामात वर्षानुवर्षे प्रश्नातील एक शब्दही विनाकारण न बदलण्याची शिस्त लागते आणि बहुधा नाव कोणालाच कळत नाही. दुसरी गोष्ट, राज्यशास्त्र जरूर घे, पण संख्याशास्त्र हा मुख्य विषय ठेव आणि कॉम्प्युटरचे जे शिकलीस ते सोडू नकोस.

पुढील शिक्षणासाठी मेरीलँड आणि मिशिगन विद्यापीठांत सर्वेक्षणशास्त्राचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाच्या अटी त्यांच्या संकेतस्थळांवर पाहाव्यात. त्याआधी करण्यासारखी गोष्ट घराशेजारीच आहे. न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाचे ईगल्टन जनमत केंद्र १९७१ पासून काम करते आहे. तेथे किंवा तशा एखाद्या केंद्रात विद्यार्थ्यांसाठी काही काम मिळते का, याची तिने चौकशी करावी. अनोळखी माणसांनी शंभर वेळा फोन ठेवल्यानंतर एकशे एकावा फोन करण्याची इच्छा उरते का, हे तिला एका सत्रात कळेल, आणि तोवर मुख्य विषय बदलण्याचा निर्णय थांबवता येत असेल तर थांबवावा.

आणि तुम्ही, या आठवड्यात एकदा, समोरासमोर न बसता, गाडीतून जाताना किंवा चालायला गेल्यावर, तिला एवढेच विचारावे : 'या कामातले तुला काय आवडते, आणि कशाची भीती वाटते?' त्यानंतर ती बोलणे थांबवेपर्यंत तुम्ही काही बोलू नये. तिला मला काही विचारायचे असेल, तर तिने स्वतः लिहावे. त्या पत्राचे उत्तर मी तिलाच देईन.