‘यांना सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं!’

“ह्यांनी काही विचारलं की मामंजींना लगेच कळतं. मी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी ओ नाही. मुद्दाम करतात का हो?” सूनबाईंनी दवाखान्यात बसता बसताच विचारलं. मामंजी शेजारी गप्प. इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमाग चालवलेला माणूस. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

हा संशय घरोघरी असतो. मी त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, पुढे सरकवला. रेघ सुरुवातीला बरी, ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, धाडकन खाली. मागाच्या खडखडाटानं कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. उंच पट्टीचं ऐकणं आधी जातं. म्हणजे आ, ओ ऐकू येतात. स, त, फ निसटतात. साठ म्हणा नाहीतर ताट, कानाशी नुसता ‘आ’ पोचतो. त्यात सुनेचा बारीक आवाज, वर मिक्सर. हाक कानावर पडते, तिचा शब्द होत नाही.

“कानाचं मशीन घेतलंय की,” मामंजी म्हणाले, “पण डोक्यात भांडी आदळल्यागत होतंय. ठेवलंय कपाटात.”

होणारच. इतक्या वर्षांच्या शांततेनंतर मेंदूला आवाजांची सवय व्हायला काही आठवडे जातात. सुरुवातीला शांत खोलीत तासभर, एकाच माणसाशी बोलताना लावायचं. तरी टोचलं, तर ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) मशीनचं सेटिंग बदलून घ्यायचं. तिथंच लोक कंटाळा करतात.

खरं दुखणं नंतर निघालं. टोपीची घडी घालत, मोडत ते म्हणाले, “नातवाला ‘काय म्हणालास’ विचारलं की म्हणतोय, ‘काही नाही, जाऊ दे.’ मग विचारायचंच सोडलं. सगळी हसली की मीबी हसतो.”

सूनबाईंनी मान खाली घातली. मला विचाराल तर बहिरेपणापेक्षा हे ‘जाऊ दे’ जास्त लागतं.

“मागावर एकमेकांशी कसं बोलायचा?” मी समोर येऊन विचारलं.

चेहरा एकदम खुलला. “तोंडाकडं बघून! वरडून काय उपेग तिथं? खांद्याला हात लावायचा, म्होरं यायचं, मग बोलायचं.” आणि सुनेकडे वळून त्यांनी आवाज न काढता ओठ हलवले.

“काय म्हणालात, मामा?”

“काही नाही, जाऊ दे,” ते म्हणाले आणि मिश्कील हसले. मग पुन्हा, सावकाश ओठ हलवले. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.