प्रवाळांच्या टाकीसाठी दिवा कोणता घ्यावा?

प्रश्न : मालवणच्या आमच्या घरी दीड फूट खोल अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत मऊ प्रवाळ ठेवायचे असल्यास किती वॉटचा एलईडी दिवा घ्यावा?

उत्तर : वॉटवरून विजेचा खप कळतो, प्रवाळापर्यंत पोहोचणारा उपयुक्त प्रकाश कळत नाही, तो ‘पार’ (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणास उपयोगी पडणारा प्रकाश) या मापाने सांगतात. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवतात आणि त्यांना मुख्यतः ४२० ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश मानवतो. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरतो, त्यामुळे दुकानदाराने सर्वांत प्रखर दिवा पुढे केला तरी (तो करतोच) भुलू नये. तीव्रता कमी-अधिक करता येणारा दिवा निवडून आरंभी ती निम्मी ठेवावी व काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी, कारण एकाएकी प्रखर प्रकाश पडल्यास प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकून पांढरे पडतात. दिवसाला आठ ते दहा तास प्रकाश पुरे. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत जोडण्या लवकर गंजतात. म्हणून जलरोधक आवरणाचाच दिवा घ्यावा. प्रवाळ मात्र मालवणच्या सागरी अभयारण्यातून मुळीच आणू नयेत. दगडी प्रवाळांना तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.