पारा गोठला, पाणी थिजलं

पाचोऱ्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: 'अतिशीत पाणी' म्हणजे बर्फच ना? आणि थिजणं, गोठणं एकच का?

बर्फ नव्हे. शून्याच्या खाली उतरूनही पातळच राहिलेलं पाणी. गोंधळ होणारच म्हणा. दर डिसेंबरात 'खान्देशात पारा गोठला' वाचतो आपण. जळगावात असतात ९ अंश! पारा गोठतो उणे ३८.८ ला. योगायोग असा, की शुद्ध पाण्याचे बारीक थेंबही, आत धुळीचा कण नसेल तर, साधारण तिथवरच पातळ राहू शकतात.

आता थिजणे. एक स्नेही 'गोठणे' गोठ्यावरून आणतात, गुरं एकत्र येतात म्हणून. मग गोठ्यात बर्फ का होत नाही? असो. संस्कृतात 'स्त्यै' धातू आहे, अर्थ संघात, गोळा होणं. त्याचं 'स्त्यान' म्हणजे थिजलेलं. आरंभीच्या स्त चा थ होतो: स्तन-थान, स्तोक-थोडा. दीयते चं प्राकृतात दिज्जइ झालं, जुन्या मराठीत दीजे. त्याच वाटेने थिज्जइ, थिजे. पालीत स्त्यान चं 'थीन' झालं. ध्यानाला बसल्यावर मनाला येणारा जडपणा तो थीनमिद्ध, पाच नीवरणांपैकी, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांपैकी एक. म्हणजे आमच्या अहिराणीतलं 'थिजेल तूप' आणि पेंगुळलेला भिक्खू सख्खे भाऊ! कुणाला हे ओढूनताणून वाटेल. वाटो.

अडचण पाण्याचीच आहे. तूप थिजताना आवळतं, पाणी उलट फैलावतं. ४ अंशांखाली त्याची घनता घटू लागते. एकेक रेणू हायड्रोजन बंधांनी चार शेजाऱ्यांना चौफलकात, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकारात, धरू पाहतो, मधे पोकळी राहते. अतिशीत पाण्यात अशा मोकळ्या रचनेचे पुंजके वाढत जातात, पण बर्फाची सहा-सहा रेणूंची कडी पक्की बसत नाही. बसायला बीज लागतं, नाहीतर धक्का.

मे महिन्यात जळगाव स्टँडसमोर फ्रीजरमधली बाटली घेतली होती, आरपार स्वच्छ. दुकानदार म्हणाला, "आपटू नका भाऊ, थिजून जाईल." मी मुद्दाम टेबलावर आपटली. गळ्यापासून पांढऱ्या सुया खाली धावल्या आणि बाटलीभर पाणी-बर्फाचा लगदा झाला. थंडीचं नाव न काढता त्याने मर्म सांगितलं होतं. 'अतिशीत' मध्ये नुसता गारठा आहे, 'अजून थिजलं नाही' हे कुठंच नाही.

तेव्हा बाई, वर्गात 'न थिजलेलं' म्हणा. पेपरात मात्र अतिशीतच लिहायला सांगा, मार्क जातील पोरांचे.